नंतरचा रकाना

गेल्या उन्हाळ्यात माझ्या छातीवरचे केस बऱ्याच ठिकाणांहून गेले. ईसीजीच्या चिकट पट्ट्या ओढून काढताना ते सोबत येतात. पहिल्यांदा दुखलं, दुसऱ्यांदा सवय झाली, आणि तिसऱ्यांदा आमच्या नोएडाच्या घराजवळच्या रुग्णालयातली नर्स पट्टी ओढता ओढता म्हणाली, "अंकलजी, अब तो यहाँ कुछ बचा ही नहीं." कागद डॉक्टरांकडे नेताना तिने दारातून मागे वळून विचारलं, "चाय पिओगे? घंटा भर तो आप जाओगे नहीं."

तिला माझा क्रम पाठ झाला होता. छातीवर हात ठेवून यायचं, सगळं ठीक आहे असं ऐकायचं, आणि मग बाहेरच्या बाकावर बसून राहायचं. फाटकाबाहेर पडल्यावर काही झालं तर पुन्हा आत यायला वेळ लागेल, हा त्यामागचा विचार. मी चहा घेत असे. चहा तिथे चांगला मिळायचा.

माझी पत्नी मार्च महिन्यात गेली. दुपारची वेळ होती, ती स्वयंपाकघरात मेथी निवडत होती आणि मी बाहेरच्या खोलीत वाचत होतो. पुस्तकात इतका बुडालो होतो की आतून बराच वेळ काही आवाज आलेला नाही, हे मला उशिरा कळलं. तिचं हृदय थांबलं होतं. त्याआधी तिने कधी छाती दुखल्याचं सांगितलं नव्हतं. त्याच सकाळी तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने भाजी आणली होती.

सहा आठवड्यांनी करोल बागेतल्या शिंप्याचा फोन आला, मॅडमचा ब्लाउज तयार आहे. मी जाऊन घेऊन आलो. हिरवा, मोरपिशी काठाचा. श्रावणातल्या मंगळागौरीच्या खेळांसाठी त्यांच्या गटातल्या बायका दरवर्षी एका रंगाचे ब्लाउज शिवत, त्यातला तो. मेट्रोत बसलो, पिशवी मांडीवर ठेवली, आणि छातीत काहीतरी उलटंपालटं झालं. ठोके इतक्या जोरात पडू लागले की शर्ट हलताना दिसत होता. हातापायांना घाम सुटला. मला खात्री पटली की आता माझीही वेळ आली आणि पिशवीतला ब्लाउज कुणाला द्यायचा हे कुणालाच कळणार नाही.

ती पहिली वेळ. तेव्हा एक भला माणूस मला रिक्षाने रुग्णालयात घेऊन गेला. नंतर मी स्वतःच जाऊ लागलो.

मी एकतीस वर्षं एका सरकारी ग्रंथालयात ग्रंथपाल होतो. तिथे संगणक आले तेव्हा तालिकेची कोरी कार्डं रद्दीत निघाली होती. मी त्यांचे चार गठ्ठे घरी आणले होते. पत्नी त्यांच्यावर वाण्याची यादी करायची. आता मी त्यांच्यावर माझ्या धडधडीची नोंद करू लागलो. एका वेळेला एक कार्ड: क्रमांक, तारीख, वेळ, ठिकाण, मिनिटाला ठोके, शेरा. शेऱ्यात मी लिहीत असे, "मागच्यापेक्षा वेगळं," किंवा "डाव्या खांद्यात कळ," किंवा "हे खरं असावं." ती कार्डं मी क्रमाने चपलांच्या रिकाम्या खोक्यात ठेवत होतो. डॉक्टरांना एक दिवस उपयोग होईल, अशी माझी समजूत होती.

कार्डं वाढत गेली तसं माझं जग आटत गेलं. आधी मेट्रो बंद केली. मग जिना. मग चहा, मग घरातलं जोरात बोलणं, आणि शेवटी हसणं, कारण एकदा टीव्हीवर काहीतरी बघून हसू आलं आणि छाती धडधडू लागली. जेवताना माझा उजवा हात पोळी तोडायचा आणि मध्येच डाव्या मनगटावर जाऊन बसायचा. मुलगी ते बघायची आणि माझ्या ताटात आणखी भाजी वाढायची.

मुलगी सव्वीस वर्षांची. गुरुग्रामला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायची, ते तिला आवडत नव्हतं. पुण्यात एक लहानशी कंपनी कमी ऐकू येणाऱ्यांसाठी श्रवणयंत्रं बनवते, तिथे जायचं तिच्या मनात दोन वर्षं होतं. आई असताना तिने मुलाखतही दिली होती. जुलैच्या सुरुवातीला ती गॅलरीत फोनवर बोलत होती आणि मी आत कपड्यांच्या घड्या घालत होतो. ती म्हणत होती, "सर, बहुत मन था. लेकिन घर में पापा हैं, उनकी हार्ट की प्रॉब्लम है. नहीं, और कोई नहीं है." समोरच्याने काहीतरी सांगितलं. मग ती म्हणाली, "जी, अगस्त के एंड तक सोच के बताती हूँ. पर आप रुकिए मत."

माझ्याकडे तीन ईसीजी होते, एक इको आणि ट्रेडमिलवर पळवून काढलेला एक अहवाल. पाचही कागदांवर लिहिलं होतं की माझं हृदय माझ्या वयाच्या मानाने उत्तम आहे. हृदयाचा आजार मला नव्हता, आणि त्या नसलेल्या आजारासाठी माझी मुलगी पुणं सोडत होती. मी हातातली घडी परत उलगडली आणि परत घातली. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या मरणापेक्षा दुसऱ्या कशाची तरी भीती वाटली.

हृदयाच्या डॉक्टरांनी एका मनोविकारतज्ज्ञ बाईंचं नाव आधीच लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी मी पुस्तकात खूण म्हणून वापरत होतो. ती काढली आणि खोकं घेऊन गेलो.

बाई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असतील. त्यांनी आधी माझे पाचही कागद नीट पाहिले, मग हृदयाच्या डॉक्टरांना माझ्यासमोर फोन लावून खात्री करून घेतली. मग खोकं जवळ ओढून कार्डं वाचायला घेतली. मराठी त्यांना अडखळत का होईना वाचता येत होतं. त्रेचाळीस कार्डं होती. त्यांनी एकही सोडलं नाही. शेवटी एक उचलून म्हणाल्या, "ये वाला. भाजी मंडी, शाम के पाँच, एक सौ बाईस. फिर?"

"फिर मतलब?"

"मतलब, उसके बाद क्या हुआ?"

"घर आ गया."

"अच्छा. और ये लिफ़्ट वाला?"

"वो भी... ठीक हो गया. पंद्रह-बीस मिनट में."

"वो कहाँ लिखा है?"

मी कार्ड हातात घेऊन पाहिलं, जणू मागच्या बाजूला असेल. एकतीस वर्षं मी हाताखालच्या लोकांना एकाच गोष्टीवरून रागावत आलो होतो: पुस्तक दिल्याची नोंद करता आणि परत आल्याची करत नाही. मग पुस्तक फडताळात असतं आणि रजिस्टर म्हणतं की हरवलं. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस वेळा माझे ठोके जागेवर परत आले होते आणि माझं रजिस्टर म्हणत होतं की एकदाही आले नाहीत. मला हसू आलं, आणि हसल्यावर सवयीने मनगटाकडे हात गेला. बाई तो हात बघत होत्या.

"अंकल, आप धड़कन से नहीं भाग रहे, आप उसका पीछा कर रहे हैं," त्या म्हणाल्या. "अब हम उसे ख़ुद बुलाएँगे."

मग त्यांनी मला त्यांच्या फिरत्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, स्वतःभोवती फिरा, एक मिनिट. मुद्दाम चक्कर आणायची, मुद्दाम छाती धडधडू द्यायची, आणि काही करायचं नाही. रोज. खुर्ची अडीच फेरे फिरली आणि करकरून अडकली. त्यांनी खाली वाकून चाकं पाहिली. मी त्यांना म्हणालो, आमच्याकडे बायका हे खुर्चीशिवाय करतात. आणि मी त्यांना फुगडी समजावून सांगितली. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, पावलांना पावलं जुळवायची, हातांची कैची करून घट्ट धरायचं, मागे झुकायचं आणि गरगर फिरायचं. तोंडाने पक्वा वाजवायचा, म्हणजे फेऱ्यांच्या तालावर 'पक् पक्' आवाज काढायचा. माझी पत्नी त्यात पटाईत होती, मी आयुष्यभर बाहेर बसून तिची पर्स सांभाळली.

बाईंनी अडकलेलं चाक हाताने फिरवून पाहिलं. मग म्हणाल्या, "तो यही कीजिए ना. मेरी कुर्सी भी बचेगी."

घरी येऊन मुलीला सांगितलं. तिने आधी ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग सोफ्यावर आडवी पडून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "बाबा, तू? फुगडी? अरे यार, आईने हे ऐकायला पाहिजे होतं!" आईचं नाव त्या घरात हसत हसत घेतलं गेलं, ते चार महिन्यांत पहिल्यांदा.

आम्ही मधलं टेबल सरकवलं. पण मी पंच्याऐंशी किलोचा आणि ती पन्नासची. पहिल्याच फेऱ्यात ती पतंगासारखी उडाली, मी पुस्तकांच्या कपाटावर आदळलो आणि वरचा जगाचा नकाशासंग्रह धाडकन खाली आला. लगेच इंटरकॉम वाजला. खालच्या मजल्यावरच्या शर्माईन विचारत होत्या, "भाईसाहब, सब ठीक? तबीयत?" मुलगी फोनवर हात ठेवून म्हणाली, "काय सांगू?" मी म्हणालो, "सांग, व्यायाम."

"तुला मावशी पाहिजेत," फोन ठेवून मुलगी म्हणाली. "तुझ्या वजनाला त्याच पुरतील."

मावशी म्हणजे माझ्या पत्नीची मैत्रीण, माझ्या लेखी वहिनी. चाळीस वर्षं करोल बागेत राहिलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षिका, चांगल्या भक्कम. गटात पत्नीची आणि त्यांची फुगडीची जोडी होती, वीस वर्षांची. मुलीने फोन स्पीकरवर लावला.

"भावोजी फुगडी घालणार?" तिकडून आवाज आला. "कोणत्या डॉक्टरने सांगितलं? माझ्या गुडघ्यांना दाखवते त्याला."

"मावशी, तुमचे गुडघे दुखतायत का?"

"तसं सगळ्यांना सांगितलंय खरं." मग तिकडून कुकरची शिट्टी ऐकू आली. "रविवारी दहाला या म्हणावं. पोहे करते. आणि त्यांना एकट्यालाच पाठव, तू नको येऊ सोबत."

मुलीने फोन ठेवला. मी तिच्यासमोर बसलो आणि गॅलरीतलं बोलणं ऐकल्याचं सांगून टाकलं. ती लाल झाली. मी म्हणालो, "ऑगस्टच्या शेवटापर्यंत मुदत आहे ना? तोवर मी दर रविवारी मेट्रोने एकटा करोल बागेत जाऊन आलो, तर तू पुण्याला हो म्हणायचं."

"आणि नाही जमलं तर?"

"तर नकाशासंग्रह तुझ्या डोक्यात घालीन."

पहिल्या रविवारी पोचलो, पण पोहे खाऊन नुसतं बोलत बसलो आणि फुगडी पुढच्या खेपेवर ढकलली. दुसऱ्या रविवारी ऐन बोगद्यात ती लाट आली आणि राजीव चौकला मी गाडीतून उतरून फलाटावरच्या बाकावर बसलो. वहिनींना फोन केला. "मी परत जातो. आज नाही होत."

"बरं," त्या म्हणाल्या. "पण पोहे झालेत. लिंबू पिळून ठेवलंय. आणि मला एकटीला फुगडी घालता येत नाही, भावोजी, ती काय लंगडी आहे?"

मी खिशातून कार्ड काढलं. बाईंच्या सांगण्यावरून त्यावर आता एक रकाना वाढवला होता: नंतर. बाकीचं सगळं पटकन लिहून झालं, कारण ते पाठच होतं. नंतरच्या रकान्यापाशी पेन थांबलं. अजून नंतर झालंच नव्हतं. मी वाट बघत बसलो. दोन गाड्या गेल्या. समोर एक बाई आपल्या नवऱ्याला चुकीच्या दिशेच्या गाडीत चढल्याबद्दल रागावत होती, तो म्हणत होता की तूच आधी चढलीस. मी ते ऐकत राहिलो. ते भांडण मिटून दोघं हसत तिसऱ्या गाडीत चढले तेव्हा मला आठवलं की मी कशाची तरी वाट बघत होतो. छातीतले ठोके पुन्हा जागेवर आले होते. मी लिहिलं, "नंतर: नवरा-बायको चुकीच्या गाडीतून आले होते." आणि पुढच्या गाडीत चढलो.

वहिनींचं घर दुसऱ्या मजल्यावर, उंच पायऱ्यांचं. बाहेरच्या खोलीत त्यांनी सतरंजी गुंडाळून ठेवली होती. त्या पदर खोचून उभ्या होत्या.

"पुस्तक ठेवा खाली."

मेट्रोत वाचायला घेतलेलं पुस्तक माझ्या काखेतच होतं. ते ठेवलं. हातांची कैची केली. त्यांची पकड सुताराच्या शिकंज्यासारखी होती.

"मागे झुका."

"झुकलोय."

"हे झुकणं? पाहुण्याकडे बसल्यासारखे उभे आहात. वजन माझ्यावर टाका. अर्धवट झुकलं की पडतो माणूस. ती कशी टाकायची? बिनधास्त."

मी वजन टाकलं. खोली फिरू लागली. कपाट, देव्हारा, दार, खिडकी, पुन्हा देव्हारा, मग सगळ्यांची मिळून एक रंगीत पट्टी झाली. वहिनी तोंडाने पक्वा वाजवत होत्या, माझ्या तोंडून नुसता वारा येत होता. किती फेरे झाले कोण जाणे. थांबलो तेव्हा छाती फुटेल असं वाटलं. मानेत, कानात, दातांतसुद्धा ठोके होते. माझी बोटं मनगटाकडे निघाली आणि निघू शकली नाहीत, कारण दोन्ही हात वहिनींच्या हातांत होते.

"सोडा," मी म्हणालो.

"अजिबात नाही. चक्कर उतरेपर्यंत हात सोडायचा नसतो. नियम आहे. मागच्या वेळी एकीने सोडला आणि हार्मोनियमवर बसली."

असे आम्ही दोघं साठीच्या आसपासचे लोक हात धरून, धापा टाकत, एकमेकांकडे बघत उभे होतो. मला ठोके मोजता येत नव्हते. ते माझ्याशिवायच वाढले होते आणि आता माझ्याशिवायच उतरू लागले. कानांतून गेले, मग मानेतून. मला इतकं गमतीचं वाटलं की मी हसू लागलो, आणि त्याने ते परत वाढले, आणि मी हसतच राहिलो.

वहिनीही हसत होत्या, आणि त्यांचे डोळे भरले होते. "मार्चपासून घातली नव्हती," त्या म्हणाल्या. "दुसरी जोडीदारीण दिली होती मला गटाने. मीच गुडघ्यांचं सांगितलं. दुसऱ्या कुणाचे हात धरवेनात हो." मग नाक पुसून म्हणाल्या, "तुमचे हात मात्र तिच्यापेक्षा फार मऊ आहेत. नुसती पानं उलटलीत जन्मभर."

आम्ही पोहे खाल्ले. मी चहा मागितला. दोन कप प्यायलो.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गटाचा मंगळागौरीचा कार्यक्रम होता. बायकांच्या खेळात मला अर्थातच जागा नव्हती. मी नेहमीच्या खुर्चीवर बसून सात पर्स आणि एक चष्मा सांभाळत होतो. वहिनींसोबत फुगडीला माझी मुलगी उभी राहिली. तिने तो हिरवा ब्लाउज घातला होता, दोन्ही बाजूंनी टाचण्या लावून आत घेतलेला. तिच्यासाठी वहिनींनी झुकण्याचा कोन बदलला, कसा ते गणिताच्या बाईंनाच ठाऊक. ती यावेळी उडाली नाही. फिरताना काठ चमकत होता. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण मी जोरजोरात टाळ्या वाजवत होतो आणि मांडीवरच्या पर्सा एकेक करून खाली पडत होत्या.

ती धापा टाकत माझ्याजवळ आली. "कसा आलास?"

"मेट्रोने. उभ्याने. एक जण जागा देत होता, घेतली नाही."

"शो ऑफ," ती म्हणाली, पर्सांच्या ढिगातून आपला फोन शोधला आणि तिथेच उभी राहून पुण्याला होकार लिहिला. घाईत तीनदा खोडावं लागलं.

सप्टेंबरात तिची गाडी निजामुद्दीनहून सकाळची होती. सामान लावून ती परत दारात आली आणि सवयीने तिने माझं मनगट धरलं. मी ते सोडवून घेतलं आणि तिचं धरलं. एकशे दहाच्या खाली नसावेत. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा, मला कसंतरी होतंय. मी चुकतेय का? नको जाऊ का?"

मी खिशातून कोरं कार्ड काढून तिला दिलं. तिने रकाने वाचले. "आता हे मी पण करायचं?"

"शेवटचा रकाना तेवढा भर."

गाडी हलली. माझीही छाती धडधडत होती, आणि धडधडायला हवीच होती. मी मेट्रोने करोल बागेत गेलो. पायऱ्या चढताना फोन वाजला. मुलीने कार्डाचा फोटो पाठवला होता. ठिकाण: खिडकीची सीट. ठोके: मोजता आले नाहीत, हातात डबा होता. नंतर: मथुरेच्या आधीच पोळी-भाजी संपवली. समोरच्या काकूंना लोणचं दिलं, त्यांनी पेढा दिला. आता झोप येतेय.

मी ते जिन्यातच उभं राहून दोनदा वाचलं. वरून दार उघडल्याचा आवाज आला आणि वहिनी कठड्यावरून वाकल्या.

"धाप लागली का, भावोजी?"

"लागली."

"मग या वर. सतरंजी गुंडाळून ठेवलीये."